सोडून दिलेले लाल कानाचे कासव दत्तक घेताना : ओळख पटवण्यापासून दीर्घकाळच्या संगोपनापर्यंत

शोभेच्या माशांच्या दुकानात जेमतेम तीन-चार सेंटीमीटरचे असताना विकले जाणारे हिरवे कासव नीट वाढले, तर त्याच्या मादीचे कवच २५ ते ३० सेंटीमीटर लांब होते आणि ते २० ते ४० वर्षे जगते. विकत घेताना ही गोष्ट बहुधा कोणी सांगत नाही. वास्तू किंवा फेंगशुईच्या सल्ल्यावरून, नाहीतर मुलांच्या हट्टापायी घरात आलेले हे कासव काही वर्षांत काचेच्या पेटीत मावेनासे होते, पाण्याला वास येऊ लागतो आणि मग ते देवळाच्या तळ्यात, बागेतल्या डबक्यात किंवा जवळच्या तलावात सोडले जाते. मुंबई, ठाणे, पुण्यातील प्राणिमित्र संस्थांकडे येणाऱ्या परदेशी सरपटणाऱ्या प्राण्यांमध्ये हेच कासव वारंवार दिसते. असे कासव दत्तक घेण्याची ज्यांची मनापासून इच्छा आहे, त्यांच्यासाठी हा लेख आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट करणे आवश्यक वाटते. कासव ओरडत नाही, अन्नासाठी दारात येऊन बसत नाही, दुखले तरी विव्हळत नाही, म्हणून ते पाळायला सोपे आहे असा समज रूढ झाला आहे. वस्तुस्थिती उलट आहे. त्याचा आजार शांतपणे वाढतो आणि आपल्या लक्षात येईपर्यंत अनेक आठवडे उलटून गेलेले असतात. म्हणून त्याचे संगोपन भावनेपेक्षा निरीक्षणावर आणि सामग्रीवर अधिक अवलंबून असते.

पहिली पायरी : हे कासव नक्की कोणते आहे?

दत्तक घेण्याआधी जातीची खात्री केली पाहिजे, कारण कायद्याचा संपूर्ण प्रश्न तिच्यावर ठरतो. लाल कानाचे कासव, म्हणजे रेड-इअर्ड स्लायडर, मूळचे अमेरिकेतील मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातले. डोळ्यामागे असणारा लाल पट्टा, हिरवट कवच आणि पोटाच्या पिवळ्या कवचावरचे गडद डाग ही त्याची ओळख होय. मात्र वयस्क नरांमध्ये रंग काळवंडतो आणि लाल पट्टा जवळजवळ दिसेनासा होतो. अशा वेळी पोटाच्या कवचाचा आणि डोक्याचा स्पष्ट फोटो जाणकाराला दाखवावा, नुसत्या अंदाजावर विसंबू नये.

आपल्याकडील देशी कासवे वेगळी दिसतात. मऊ कडांचे आणि मागचे पाय झाकणाऱ्या झडपा असलेले झडपांचे कासव, पाठीवर तीन कंगोरे असलेले काळे तळ्यातले कासव, घुमटाकार कवचावर चांदण्यांसारखी नक्षी असलेले आणि जमिनीवर राहणारे तारा कासव, ही सर्व वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहेत आणि ती घरात ठेवणे गुन्हा आहे. तारा कासव तर २०१९ पासून वन्यजीवांच्या व्यापारावरील साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या परिशिष्टात आहे. ‘जखमी सापडले, बरे करून सोडू’ हा हेतू कितीही चांगला असला, तरी देशी कासव सापडल्यास ते घरी न ठेवता महाराष्ट्र वनविभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर कळवावे.

परदेशी प्राण्यांबाबतही कायदा आता बदलला आहे. वन्यजीव संरक्षण कायद्यातील २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून अमलात आली. तिने साइट्सच्या परिशिष्टांतील परदेशी प्राण्यांसाठी वेगळी अनुसूची केली, आणि आक्रमक परदेशी प्रजातींवर नियंत्रण आणण्याचा अधिकार केंद्र सरकारला दिला. बॉल पायथन, ग्रीन इग्वाना किंवा सल्काटा कासव यांसारखा प्राणी ताब्यात असेल, तर त्याची नोंद परिवेश या सरकारी संकेतस्थळावर करावी लागते, आणि त्यासाठीचे नियम २०२४ मध्ये अधिसूचित झाले. स्लायडर घेतानाही, घेण्याआधी, आपल्या भागातील वनपरिक्षेत्र कार्यालयात चौकशी करून कोणती नोंद अपेक्षित आहे हे लेखी विचारून घ्यावे. हा त्रास टाळण्यासारखा नाही.

याच ठिकाणी दुसरी गोष्टही सांगितली पाहिजे : स्लायडर कधीही मोकळ्या पाण्यात सोडायचे नाही. जगातील सर्वांत घातक १०० आक्रमक प्रजातींच्या आययूसीएनच्या (आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाच्या) यादीत त्याचे नाव आहे. ते देशी कासवांची अन्नाची आणि ऊन खाण्याची जागा बळकावते आणि सोबत रोगजंतूही नेते. गुवाहाटीजवळच्या दीपोर बील या सरोवरात आणि त्या शहरातील उग्रतारा मंदिराच्या तळ्यात २०१८ मध्ये हे कासव आढळल्याची नोंद आहे. तळ्यात कासव सोडणे पुण्यकर्म मानणाऱ्यांना हे समजावून सांगणे अवघड जाते, परंतु समजावलेच पाहिजे.

दुसरी पायरी : घर आधी, कासव नंतर

दत्तक देणारी संस्था चांगली असेल, तर ती तुमच्या टाकीचे फोटो मागेल, घरात लहान मुले आहेत का हे विचारेल, आणि काही महिन्यांनी पुन्हा पाहणी करेल. असे प्रश्न विचारले गेल्यास वाईट वाटून घेऊ नये. उलट काहीही न विचारता कासव हातात ठेवणाऱ्या, किंवा ‘दत्तक शुल्क’ म्हणून भरमसाट रक्कम मागणाऱ्या व्यक्तीपासून दूर राहावे. कासव ताब्यात घेताना तारखेसह एक साधे हस्तांतरपत्र लिहून घ्यावे, त्यावर दोघांच्या सह्या असाव्यात आणि पूर्वीच्या उपचारांचे कागद व कवचाचे वरून-खालून काढलेले फोटो जोडावेत.

टाकीच्या आकाराबाबत सर्वमान्य अंदाज असा आहे की कवचाच्या प्रत्येक इंच लांबीमागे सुमारे ४० लिटर पाणी हवे. म्हणजे आठ इंची कासवाला ३०० लिटरहून अधिक. एवढी काचेची टाकी महागही पडते आणि फ्लॅटच्या जमिनीवर भारही टाकते. म्हणून अनेकांना माझा सल्ला असतो की काचेचा हट्ट सोडावा आणि मोठा प्लास्टिकचा टब, किंवा आडवी कापलेली पाण्याची जाड टाकी वापरावी. बंगल्याच्या अंगणात किंवा मजबूत गच्चीवर सिमेंटची उथळ टाकी बांधता येत असेल तर त्याहून उत्तम. मात्र भाराची खात्री अभियंत्याकडून करून घ्यावी, आणि कावळे, घारी, मांजरे व भटकी कुत्री यांच्यापासून बचाव म्हणून वर जाळी बसवावी. पाण्याची खोली कवचाच्या लांबीच्या किमान दीडपट ते दुप्पट असावी. हे कासव पोहणारे आहे. घोटाभर पाण्यात ठेवणे म्हणजे त्याला आयुष्यभर रांगायला लावणे. तळाशी लहान खडी मुळीच नको, कारण ती कासव गिळते आणि आतड्यात अडथळा होतो. तळ मोकळा ठेवावा, किंवा डोक्यापेक्षा मोठे गुळगुळीत गोटे ठेवावेत.

ऊन, उष्णता आणि अतिनील किरणे

वाचवलेल्या कासवांमध्ये दिसणारे बहुतेक दोष या एकाच गोष्टीच्या अभावातून येतात, म्हणून इथे थोडे सविस्तर लिहीत आहे. स्लायडर पाण्यात पोहते, पण दिवसातील काही तास त्याला पूर्ण कोरडे होऊन तापावे लागते. त्यामुळे अन्न पचते, त्वचेवरची व कवचावरची बुरशी आटोक्यात राहते आणि अतिनील-बी किरणांच्या साहाय्याने शरीरात ड जीवनसत्त्व तयार होते. ते तयार झाले नाही, तर आहारातले कॅल्शिअम हाडांपर्यंत पोहोचतच नाही. कवच मऊ पडते, कडा वर वळतात, पाय वाकडे होतात. हा हाडांचा चयापचय विकार सुरुवातीला थांबवता येतो, पण वाकलेले कवच पुन्हा सरळ होत नाही.

पाण्याबाहेर कासव पूर्ण मावेल असा पाट किंवा दगडांचा सपाट चौथरा करावा आणि त्यावर चढायला खडबडीत उतार द्यावा. अंगावर बुरशी किंवा शेवाळ धरलेले कासव पुष्कळदा चढायची जागाच घसरडी असल्यामुळे वर येत नसते, हे पाहून घ्यावे. चौथऱ्यावर बसवलेल्या दिव्याखाली तापमान साधारण ३२ ते ३५ अंश सेल्सिअस आणि पाण्याचे २४ ते २७ अंश असावे. थर्मामीटर कासव बसते त्याच जागी, दगडाला टेकवून ठेवून वाचावा. हवेत धरलेला थर्मामीटर चुकीचा आकडा दाखवतो. उष्णतेच्या दिव्याखेरीज अतिनील-बीची वेगळी नळी हवी. सरपटणाऱ्या प्राण्यांसाठी मिळणारी पाच-सहा टक्के अतिनील-बीची नळी कासवाच्या पाठीपासून सुमारे ३० सेंटीमीटरवर लावावी. मध्ये काच किंवा प्लास्टिक असेल तर ती किरणे अडतात, त्यामुळे टाकीच्या काचेच्या झाकणावर ठेवलेला दिवा निरुपयोगी असतो. दिवा प्रकाश देत राहतो, पण त्यातली अतिनील किरणे काही महिन्यांत क्षीण होतात, म्हणून उत्पादकाच्या सूचनेप्रमाणे साधारण वर्षाच्या आत तो बदलावा. दिवे बारा तास चालू आणि बारा तास बंद ठेवावेत.

आपल्याकडे यावर सूर्य हा खरा आणि फुकटचा उपाय आहे. सकाळचे कोवळे ऊन जाळीच्या पिंजऱ्यात, अर्धी सावली आणि पाण्याची थाळी ठेवून, अर्धा-पाऊण तास दिल्यास कोणत्याही दिव्याहून ते सरस ठरते. मात्र काचेची टाकी खिडकीत उन्हात ठेवणे धोक्याचे आहे. काचेतून किरणे येत नाहीत, पण पाणी मात्र झपाट्याने तापते आणि कासव आत उकडून मरू शकते. नागपूर-चंद्रपूरच्या उन्हाळ्यात उघड्या टाकीचे पाणी दुपारी ३२ अंशांच्या वर जाऊ देऊ नये, त्यासाठी अर्ध्या टाकीवर सावलीचे कापड बांधावे. याउलट पुणे-नाशिकच्या हिवाळ्यात पाणी २० अंशांखाली जाते, कासव खाणे सोडते आणि फुप्फुसाचा संसर्ग होतो. तिथे संरक्षक जाळी असलेला थर्मोस्टॅटचा हीटर पाण्यात लावावा. मुंबई-कोकणात बहुतेक वेळा त्याची गरज भासत नाही.

पाणी स्वच्छ ठेवणे

कासव माशांपेक्षा कितीतरी जास्त घाण करते, म्हणून माशांसाठी दिलेला फिल्टर पुरत नाही. टाकीतल्या पाण्याच्या दुप्पट-तिप्पट क्षमतेचा, बाहेर बसणारा डब्यासारखा फिल्टर घ्यावा, कारण त्यातील स्पंज व माध्यमावर वाढणारे जिवाणूच अमोनिया खाऊन पाणी सुरक्षित करतात. म्हणून ते माध्यम कधीही नळाच्या पाण्याने खळखळून धुवू नये; टाकीच्याच काढलेल्या पाण्यात हलके धुवावे. दर आठवड्याला एक चतुर्थांश पाणी बदलावे आणि नवीन पाणी २४ तास उघडे ठेवून क्लोरीन जाऊ द्यावे. अन्न वेगळ्या टबात दिल्यास मोठ्या टाकीतील घाण बरीच कमी होते.

पहिले तीन महिने

घरी आणताना बादलीभर पाण्यात आणू नये. हवेची भोके असलेल्या पेटीत ओलसर टॉवेल अंथरून कासव ठेवावे. घरी येताच निरखून पाहावे. डोळ्यांच्या पापण्या सुजलेल्या आणि बंद आहेत का? अनेकांना ते झोपलेले वाटते, पण ही अ जीवनसत्त्वाच्या कमतरतेची किंवा दूषित पाण्याची लक्षणे असू शकतात. नाकाशी बुडबुडे येतात का, तोंड उघडे ठेवून श्वास घेते का, पोहताना एका बाजूला कलते का? कलणे हे फुप्फुसाच्या संसर्गाचे गंभीर लक्षण आहे. कवचावर बोटाने हलकेच दाबून पाहावे. खवल्याखाली भुसभुशीत, वास येणारा, पांढरट किंवा गुलाबी ठिपका असेल तर तो कवच कुजण्याचा रोग असू शकतो. वाढीत वरचे खवले पातळ पापुद्र्यासारखे निघतात, ते मात्र नैसर्गिक आहे. कोणी हौसेने कवच रंगवले असेल, तर रंग खरवडू नये, कारण तेलकट रंगाखालचे कवच दुखावते. तो रंग पशुवैद्याकडून काढून घ्यावा.

घरात दुसरे कासव असल्यास नव्याला ६० ते ९० दिवस वेगळ्या टाकीत, वेगळ्या भांड्यांसह ठेवावे आणि या काळात विष्ठेची तपासणी जंतांसाठी करावी. मुळात दुसरे कासव असण्याची गरजच नाही. स्लायडर एकटे समाधानी असते, नर मादीला सतावतो आणि दोन नर एकमेकांना चावतात.

पशुवैद्य आधी शोधून ठेवावा. कुत्र्या-मांजरांचे चांगले डॉक्टर असले, तरी कासवांचा अनुभव सर्वांना नसतो. परळच्या मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालयासारख्या ठिकाणी विचारल्यास या विषयातील जाणकाराचे नाव मिळू शकते. विचारताना दोन गोष्टी आवर्जून ध्यानात ठेवाव्यात : आयव्हरमेक्टिन हे जंतांवरचे औषध कासवांना प्राणघातक ठरते, आणि प्रतिजैविकाचे इंजेक्शन शक्यतो शरीराच्या पुढच्या भागात देण्याची पद्धत आहे, कारण मागच्या भागातले रक्त आधी मूत्रपिंडांकडे जाते. स्वतःच्या मनाने जीवनसत्त्वाचे थेंब किंवा इंजेक्शन देऊ नये, विशेषतः अ जीवनसत्त्वाची मात्रा जास्त झाल्यास त्वचा सोलून निघते.

आहार

पिलू मुख्यतः मांसाहारी असते आणि वय वाढेल तसे शाकाहाराकडे झुकते. दुकानातली वाळवलेली लाल कोळंबी हे कासवाचे अन्न नाही. तीत कॅल्शिअम व जीवनसत्त्वांचा समतोल नसतो. केवळ तिच्यावर वाढलेल्या कासवाच्या पापण्या आणि कवच पाहून तज्ज्ञाला लगेच ओळखता येते. पिलाला रोज कासवांसाठीच्या चांगल्या प्रतीच्या तयार खाद्याच्या दाण्यांचा त्याच्या डोक्याएवढा ढीग, आठवड्यातून दोनदा गांडूळ किंवा लहान गोड्या पाण्यातला मासा सबंध, काट्यांसह द्यावा. प्रौढाला दाणे एक दिवसाआड आणि रोज पाला.

पाल्यामध्ये शेवग्याचा पाला मला सर्वांत उपयोगी वाटतो, कारण त्यात कॅल्शिअम भरपूर असते आणि तो परसातच मिळतो. जास्वंदीची पाने व फुले, रताळ्याची कोवळी पाने, कोथिंबीर, किसलेला लाल भोपळा व गाजर चालते. पालक आणि राजगिरा नेहमी देऊ नये, त्यातील ऑक्झॅलेट कॅल्शिअम अडवते. भात, पोळी, ब्रेड, दूध, फरसाण आणि साखर पूर्ण वर्ज्य. नवे खाणे कासव आठवडाभर नाकारील, म्हणून जुने पूर्ण बंद न करता थोडे थोडे मिसळत जावे. पाण्यात समुद्रफेनाचा (कटलफिशच्या पांढऱ्या, चुनखडीसारख्या अंतर्कवचाचा) तुकडा ठेवावा. तो कुरतडून ते कॅल्शिअम घेते. स्लायडर पाण्याबाहेर गिळू शकत नाही, म्हणून पाटावर ठेवून भरवू नये. ‘हावरेपणा’ही ओळखावा, कारण माणूस दिसताक्षणी कासव अन्न मागते आणि भूक नसतानाही खाते. मान आत घेतल्यावर पायांच्या भोवती चरबीच्या वळ्या बाहेर आल्या, तर अन्न कमी करावे.

मादी असल्यास

पुढच्या पायांची लांब नखे आणि लांब, जाड शेपूट नराची खूण. मादी अंगाने मोठी आणि शेपूट आखूड. मादी नराशिवायही अंडी घालते, ती फलित नसतात. तिने अन्न सोडले, टाकीच्या कोपऱ्यांत सतत खरडू लागली, बाहेर पडायची धडपड सुरू केली, तर तिला पंचवीस-तीस सेंटीमीटर खोल ओलसर माती-वाळूच्या पेटीत काही तास एकटी ठेवावी. जागा मिळाली नाही तर अंडी पोटातच अडकतात आणि ते जीवघेणे ठरते. दोन-तीन दिवसांत अंडी आली नाहीत किंवा ती सुस्त झाली, तर क्ष-किरण तपासणी करून घ्यावी. नर सोबत असेल तर अंडी लगेच गोठवून नष्ट करावीत. घराबाहेर टाकलेले प्रत्येक पिल्लू शेवटी कुठल्यातरी तळ्यातच जाते.

घरातील माणसांची काळजी

कासव सुदृढ दिसत असले तरी त्याच्या अंगावर माणसांना जुलाब व ताप आणणारा साल्मोनेला जिवाणू असू शकतो. याच कारणाने अमेरिकेत १९७५ पासून चार इंचांहून लहान कासवांची विक्री बंद आहे. पाच वर्षांखालील मुले, वृद्ध, गर्भवती स्त्रिया आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्या व्यक्तींनी त्याला व त्याच्या पाण्याला हात लावू नये. टाकी, फिल्टर, पाट हे स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये धुऊ नयेत. त्यासाठी वेगळी बादली व ब्रश ठेवावा, आणि हाताळल्यानंतर साबणाने हात धुण्याची सवय मुलांना दत्तकाच्या पहिल्याच दिवशी लावावी. उचलताना पुढच्या व मागच्या पायांच्या मधोमध दोन्ही हातांनी कवच धरावे, शेपटीला किंवा एकाच कडेला धरू नये.

रोजची नोंद आणि पुढची सोय

वहीत दर महिन्याला वजन व कवचाची सरळ लांबी, खाल्लेले अन्न, कात टाकल्याची तारीख, दिवा बदलल्याची तारीख लिहावी. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा मोठ्या कासवाला पुरणार नाही, तेव्हा जास्त क्षमतेचा घ्यावा आणि तो अन्नासाठी वापरू नये. सलग दोन महिने वजन घटत असेल, कासव पाटावर चढणे सोडत असेल, किंवा उलट पाण्यात उतरतच नसेल, तर डॉक्टरांकडे जाण्यास तेवढे पुरेसे कारण आहे.

प्रवासाला जाताना आठवडाभर अन्न नसले तरी प्रौढ, निरोगी कासवाला धोका नसतो, मात्र फिल्टर बंद पडला तर असतो. त्यामुळे शेजाऱ्यांना खाणे टाकायला सांगण्यापेक्षा दिवसातून एकदा पंप चालू आहे का हे पाहायला सांगावे. भारनियमनाच्या भागात पंपासाठी बॅटरीची सोय करून ठेवावी. आणि दत्तक घेतानाच, तुम्ही नोकरीनिमित्त परदेशी गेलात किंवा आजारी पडलात, तर हे कासव कोणाकडे जाईल, त्या व्यक्तीचे नाव तिच्या संमतीने हस्तांतरपत्रावर लिहून ठेवावे. तशी व्यक्ती नसेल, तर ज्या संस्थेकडून घेतले तिथेच परत करण्याची अट आधीच लेखी मान्य करून घ्यावी.